पोलिसापुरता बेल्ट

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागच्या सीटवर बसून बेल्ट लावायचं मनात आणलं, तरी पुष्कळदा तो लावताच येत नाही. खिडकीमागच्या कोपऱ्यातून पट्टा लोंबत असतो, पण त्याचं टोक ज्यात अडकवायचं ते बकल हाताला लागत नाही. सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत, वरून ताणून बसवलेल्या रेक्झिनच्या कव्हरखाली ते गडप झालेलं असतं. कव्हर शिवणाऱ्याने बकलसाठी जागा सोडलेली नसते, कारण ती सोड असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. काही गाड्यांत बकल सापडतं, पण पट्टाच ओढला जात नाही. वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्यामुळे धूळ आणि घाम पिऊन तो रिळात कडक झालेला असतो. मग प्रवासी तो नाद सोडून देतो, आणि त्याच्याकडे बघून आपण म्हणतो की आपल्या लोकांना शिस्त नाही. हे स्पष्टीकरण इतकं सोयीचं आहे की त्याच्या मागे जाऊन बघायची गरजच कोणाला वाटत नाही. मला ते पटत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर उलट चित्र दिसतं. आपल्याकडे सीट बेल्ट प्रवाशाच्या जिवाची व्यवस्था म्हणून आलाच नाही. तो आला ड्रायव्हरने नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायची वस्तू म्हणून, तोही फार उशिरा, आणि मागच्या सीटपर्यंत तर बराच काळ फक्त कागदावर पोचला. न लावण्याची सवय लोकांनी बाहेरून आणलेली नाही. ती या गाड्यांनी, या नियमांनी आणि या तपासणीने त्यांच्या अंगवळणी पाडली.

बेल्टमागची मूळ कल्पना मोटारवाल्यांची नव्हे, वैमानिकांची. १९१७ मध्ये उड्डाणाचं शिक्षण घेणारा ह्यू डीहेवन हा तरुण दोन विमानांच्या हवेतल्या टकरीतून वाचला. त्याच्या पोटातल्या गंभीर जखमांचं एक कारण खुद्द त्याच्या पट्ट्याचं टोकदार बकल होतं. पट्टा हवा, पण तो शरीराला कुठे आणि कसा धरतो हे महत्त्वाचं, हा धडा त्याने आयुष्यभर उराशी बाळगला आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या इजांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप स्वतःला पट्ट्यांनी बांधून रॉकेटच्या गाड्यावर बसले. ताशी हजार किलोमीटरच्या वेगावरून दीड सेकंदाच्या आत थांबूनही ते जिवंत राहिले. विमानांपेक्षा रस्त्यावरच्या मोटारींत आपले जास्त लोक मरतात, हे हवाई दलाला दिसत होतं, आणि स्टॅप ते जाहीरपणे सांगत होते. या सगळ्यातून एक साधं सत्य पुढे आलं. मोटारीची धडक होते तेव्हा खरं तर दोन धडका होतात. आधी गाडी कशावर तरी आपटते, आणि मग त्याच वेगाने पुढे जात असलेला आतला माणूस गाडीच्या आतल्या भागावर आपटतो. माणूस बहुधा या दुसऱ्या धडकेत मरतो. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन यांनी छातीवरून तिरका आणि ओटीपोटाच्या हाडांवरून आडवा जाणारा, एका हाताने अडकवता येणारा तीन-टोकी पट्टा आणला. बोलिन त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं केलं. म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या वस्तूचं शास्त्र पूर्ण झालं होतं आणि ती वापरायला कोणाला पैसेही मोजावे लागणार नव्हते.

नेमक्या त्याच वर्षांत मुंबईतल्या कुर्ल्याला आपली प्रसिद्ध टॅक्सी जन्माला येत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. पुढे १९७० च्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढे सलग बाकासारखी सीट. गिअरचा दांडा मधे नसल्यामुळे ड्रायव्हरशेजारी प्रसंगी दोन माणसंही बसत. कोलकात्याकडची अॅम्बेसेडर याच घाटाची. अशा सलग सीटवर कोण नेमकं कुठे बसेल हे ठरलेलं नसतं, आणि तीन-टोकी पट्टा तर एका ठरलेल्या माणसासाठी ठरलेल्या जागी लागतो. या गाड्यांच्या रचनेतच प्रत्येक प्रवाशाची अशी वेगळी जागा कल्पिलेली नव्हती. पण खरा अडसर रचनेचा नव्हता, बाजाराचा होता. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. मोटारीची किंमत किती असावी यावर सरकारचं नियंत्रण होतं आणि त्यावरचा वाद १९७० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मिळेल ती गाडी घेणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना, आणि किंमत वाढवायला वाव नसताना, कोणी मागितला नाही असा पट्टा कारखाना कशासाठी बसवेल? अमेरिकेत राल्फ नाडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने कंपन्यांना जाब विचारला, पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा लावणंही सक्तीचं केलं. आपल्याकडे तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा चालू होता आणि त्यात या विषयाची दखलच नव्हती. या काळात मुंबईत वाढलेल्या दोन पिढ्यांनी पट्टा नसलेल्या मोटारीतच प्रवास केला. त्यांनी बेल्ट टाळला असं म्हणताच येणार नाही, कारण टाळायला तो गाडीत असावा लागतो.

पुढची पायरी कायद्याची, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम या नियमांच्या शब्दांत आहे. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम आले. १९९३ च्या दुरुस्तीने उत्पादकांना वर्षाची मुदत देऊन ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारच्या माणसासाठी पट्टा बसवण्याची सक्ती केली, ती १९९४ पासून लागू झाली. मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटना ही सक्ती लागायला २००२ उजाडलं. म्हणजे बोलिन यांच्या पट्ट्यानंतर पुढच्या सीटला पस्तीस वर्षं आणि मागच्या सीटला त्रेचाळीस वर्षं. शिवाय दोन्ही वेळा जुन्या गाड्यांना त्यातून सूट राहिली. पट्टा लावण्याचं बंधन घालणारा नियम सुरू होतो तोच एका अटीने: ज्या वाहनात पट्टे पुरवलेले आहेत, त्या वाहनात ते लावले पाहिजेत. कायद्याच्या दृष्टीने ही अट रास्त आहे, नसलेला पट्टा कोण कसा लावणार? पण तिचा व्यवहारातला अर्थ असा झाला की गाडीत पट्टा नसेल, तर आतल्या माणसावर कसलंच बंधन उरत नाही. आता ही सूट टॅक्सीच्या आयुष्याशी जोडून पाहा. खासगी मोटार दहा-पंधरा वर्षांत मालक बदलते किंवा मोडीत निघते. मुंबईच्या टॅक्सीला मात्र आधी वयाची मर्यादाच नव्हती. ती २००८ मध्ये पंचवीस वर्षांवर आणि २०१३ मध्ये वीस वर्षांवर आली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास, म्हणजे मागच्या पट्ट्याची सक्ती येण्याआधीच, थांबलं होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं पूर्ण करून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. एके काळी या शहरात साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या पद्मिनी. त्यातल्या एकाही गाडीत मागच्या प्रवाशासाठी पट्टा असण्याची सक्ती कधीच नव्हती. टॅक्सीतली मागची सीट म्हणजे बिनपट्ट्याची सीट, हा मुंबईकराचा समज कायद्याला धरूनच झालेला होता.

१९९४ नंतर पुढच्या सीटवर पट्टा आला, पण कोणत्या रूपात आला तेही पाहायला हवं. दंड शंभर रुपये. पट्टा लावला आहे की नाही हे पोलिसाला काचेतून दिसतं ते फक्त पुढच्या दोन माणसांचं. त्यामुळे नाका आला की पट्टा छातीवरून ओढून हाताने धरायचा, नाका गेला की सोडायचा, ही पद्धत पडली. खाकी शर्ट, बॅज, कागदपत्रं यांच्या रांगेत बेल्टही जाऊन बसला, म्हणजे आपल्या जिवासाठी नव्हे तर साहेबाने विचारलं तर दाखवण्यासाठी. ही वृत्ती टॅक्सीवाल्यांपुरती होती असं कोणी समजू नये. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढच्या सीटवर पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी सक्तीची झाली, तेव्हा ती घंटी बंद पाडणारी धातूची क्लिप बाजारात आली. पट्ट्याऐवजी ती बकलमध्ये खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितलं की चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत पुढे बसलो तेव्हा त्यांत अशा क्लिप लावलेल्या दिसल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना या क्लिपची विक्री थांबवायला लावली, तेव्हा अशा १३,११८ नोंदी तिथून काढाव्या लागल्या. ज्या वस्तूचं काम फक्त आपल्याच गाडीला फसवणं हे आहे, तिला इतकी मागणी असेल, तर बेल्ट न लावणारा माणूस अडाणी किंवा गरीब असतो हे म्हणणं सोडून द्यायला हवं. क्लिप विकत घेणाऱ्याकडे नवी गाडी असते, आणि त्या गाडीत धड चालणारा पट्टाही असतो.

मागच्या सीटची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त दुःखाची. आपल्याकडे ड्रायव्हर असलेल्या गाडीत पुढची सीट स्वीय सहायकाची किंवा अंगरक्षकाची, आणि मागची सीट मानाची. बंधन पुढच्यांना, मान मागच्याला, अशी ती वाटणी आहे. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. एका चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. मान आणि यकृताला झालेल्या इजांनी महाराष्ट्राचा हा नेता गेला. गाडीकडे पाहिलं तर इतका मोठा अपघात झाला असेल असं कोणालाही वाटलं नसतं. त्यांचे सहकारी मंत्री आणि स्वतः डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की मागचा पट्टा शोभेसाठी असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी, पट्टे शाबूत, एअरबॅगा उघडलेल्या. तरीही मागची सीट सुरक्षित असते या जुन्या समजुतीपुढे त्या सगळ्याचं काही चाललं नाही.

ही समजूत हिशेबाने तपासता येते. ताशी ५० किलोमीटरने चाललेल्या गाडीतल्या माणसाच्या अंगात जी ऊर्जा असते, तेवढीच दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, पडणाऱ्याच्या अंगात जमिनीला टेकताना असते. पुढच्या सीटची पाठ तिला अडवायला पुरत नाही. उलट मागचा माणूस त्या पाठीसकट पुढच्यावर जाऊन आदळतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नसेल, तर पट्टा लावलेल्या पुढच्या माणसांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात आढळलं. मागे बसणाऱ्याचा पट्टा हा फक्त त्याचा खासगी मामला नाही, हे यातून सिद्ध होतं. ‘माझा जीव, माझी मर्जी’ या आक्षेपाला मागच्या सीटपुरतं तरी इथेच उत्तर मिळतं. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं अपघातांत मेली. त्यातले ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे. पट्टा असता तर त्यातलं प्रत्येक माणूस वाचलं असतं असं नाही, पण नियम, तपासणी, जाहिरात हे सगळं चालकाभोवती फिरत असताना मरणारे निम्मे लोक प्रवासी असावेत, ही गोष्ट मला शांतपणे वाचता येत नाही.

मिस्त्री यांच्या मृत्यूनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. टॅक्सी संघटनांनी लगेच हरकत घेतली की जुन्या गाड्यांत मागे पट्टेच नाहीत, ते बसवायला वेळ हवा, पैसा हवा, आणि प्रवाशाने ऐकलं नाही तर दंड आम्ही का भरायचा. हे म्हणणं आडमुठेपणाचं वाटेल, पण त्यातला शेवटचा मुद्दा अगदी बिनतोड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १९४-ब दंडाची रक्कम हजार रुपयांवर नेतं, आणि जो स्वतः पट्टा लावत नाही किंवा पट्टा न लावलेल्या प्रवाशांना नेतो, त्या चालकाला दोषी धरतं. म्हणजे मागे बसलेल्याच्या हट्टाची किंमत पुढचा भरणार. दिवसाच्या भाड्यावर गाडी चालवणाऱ्याने ‘साहेब, बेल्ट लावा’ म्हणायचं, आणि साहेब ‘इथेच तर जायचंय, चला’ म्हणाले की गप्प बसायचं. या दोघांत जोर कोणाचा हे सांगायला नको. ब्रिटनमध्ये याच्या उलट व्यवस्था आहे. तिथे भाड्याच्या टॅक्सीत प्रवासी नेताना चालकाला पट्ट्यातून सूट असते, पण मागे बसणाऱ्या प्रौढ प्रवाशाने पट्टा लावणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी त्याची स्वतःची आहे. चालकाला सूट देणं मला योग्य वाटत नाही, पण प्रवाशाला जबाबदार माणूस मानण्यात ती व्यवस्था आपल्या पुढे आहे.

शहराबाहेर पडलं की टॅक्सीसुद्धा सुदैवी वाटू लागते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचं वडाप, विदर्भ-मराठवाड्यातली काळी-पिवळी जीप, एसटी पोचत नाही किंवा वेळेवर येत नाही तिथली ही खरी सार्वजनिक वाहतूक. ट्रॅक्स आणि कमांडरसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर दोन आडवे बाक असत. त्यावर बाजारहाट करून परतणारी, शाळा-कॉलेजला जाणारी, दवाखान्यात निघालेली माणसं मांडीला मांडी लावून बसत, जागा संपली की मागच्या पायरीवर उभी राहत. मागच्या पट्ट्याचा नियम पुढे तोंड असलेल्या सीटपुरता होता. आडवं बसणारा माणूस त्या शब्दांतच बसत नव्हता. सर्वांत जास्त गर्दीची गाडी, सर्वांत वाईट रस्ता, जवळ मोठं रुग्णालय नाही, आणि तिथेच नियमाने हात आखडता घेतलेला. या प्रवाशाला बेल्टची सवय नाही म्हणून बोल लावणं अन्यायाचं आहे.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत जुना असा की आपली माणसं दैववादी, लिहिलेलं चुकत नाही असं मानणारी, म्हणून ती पट्टा लावत नाहीत. तसं असतं तर दैव न मानणाऱ्या देशांत पट्टे आपोआप लागले असते. प्रत्यक्षात अमेरिकेत १९८३ च्या सुमारास, पट्टे गाड्यांत येऊन पंधरा वर्षं झाल्यावरही, ते लावणारे शंभरात चौदाच्या आसपास होते. १९७४ च्या मॉडेलना पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी यंत्रणा बसवली, तेव्हा लोक इतके चिडले की त्याच वर्षी अमेरिकी संसदेने तिची सक्ती रद्द केली. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटची सक्ती ३१ जानेवारी १९८३ ला आली. त्याआधी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक पट्टा लावत, सक्तीनंतर थोड्याच काळात ते नव्वदच्या वर गेले. दोन-चार महिन्यांत कोणत्याही समाजाचा धर्म किंवा स्वभाव बदलत नाही. बदलतो तो कायदा आणि तो खराच लागू होईल हा विश्वास. आपल्याकडचाच दाखला घ्यायचा तर विमानात बसलेला प्रत्येक मराठी माणूस सूचना होण्याआधी पट्टा लावतो, आणि २०१७ पासून मागच्या प्रवाशालाही सक्ती असलेल्या दुबईत तो टॅक्सीतही लावतो. मुंबईच्या विमानतळाबाहेर त्याचं दैव बदललेलं नसतं.

दुसरा आक्षेप वेगाचा. लालबाग-परळच्या गर्दीत गाडी रांगते, तिथे पट्टा कशाला? पद्मिनीच्या काळापुरतं हे म्हणणं थोडंफार खरं होतं, आणि सवय त्याच वेगात पडली. पण शहर तेच राहिलेलं नाही. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू आला, २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, आणि २०२४ मध्ये किनारी रस्ता व अटल सेतू. अटल सेतूवर मोटारींना ताशी शंभरची मुभा आहे. तीच टॅक्सी, तेच गाडलेलं बकल, पण वेग दुप्पट-तिप्पट, आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर पट्ट्यामुळे अडकू, ही भीतीही अनेकदा ऐकू येते. असे अपघात फार थोडे असतात, आणि त्यांतूनही बाहेर पडायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. पहिल्या आदळण्यात त्याला शुद्धीवर ठेवण्याची शक्यता पट्ट्यानेच वाढते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा, म्हणून जास्त वजनाचा. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्टझमन यांनी १९७५ मध्ये मांडलं की गाडी सुरक्षित झाली की चालक बेफिकीर होतो, आणि वाचलेल्या जिवांची भरपाई रस्त्यावरचे पादचारी करतात. आपल्याकडे, जिथे मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आणि त्याखालोखाल पादचाऱ्यांचा आहे, तिथे हा प्रश्न टाळता येणार नाही. मोटारवाल्यांच्या पट्ट्याची एवढी काळजी कशासाठी, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. पेल्टझमन यांचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासांत मोठ्या प्रमाणावर टिकले नाहीत, ते बाजूला ठेवू. त्यांचा युक्तिवाद मुळातच चालकाबद्दल आहे. मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातात स्टीअरिंग नसतं. त्याने पट्टा लावला म्हणून गाडी एक किलोमीटरनेही जोरात धावत नाही. आणि मागच्या सीटवर मोटारमालकच बसतो हेही खरं नाही. टॅक्सीत आणि वडापात बसणारा माणूस रोजचा पादचारीच असतो, पाय दुखले किंवा वेळ झाली म्हणून गाडीत बसलेला.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. जुन्या गाडीत पट्टे बसवणं, अडकलेलं रीळ बदलणं, कव्हर उसवून बकल वर काढणं, हे टॅक्सीवाल्याने पदरचे पैसे घालून करावं अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. पण टॅक्सीचं भाडं ठरतं तेव्हा गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा हे सगळं हिशेबात धरलं जातं. पट्ट्याचा खर्च त्यात पैशांनीच मोजावा लागेल इतका लहान आहे. आणि तपासणीची यंत्रणा नाही असं तर मुळीच नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला, पट्ट्याच्या आदेशाच्या बरोबर महिनाभर आधी, मुंबईत टॅक्सीचं किमान भाडं २५ वरून २८ रुपये झालं. तेव्हा शहरातल्या हजारो टॅक्सींना एकामागून एक मीटर बदलून, रस्त्यावर चालवून तपासून आणि सील करून घ्यावं लागलं. तीन रुपयांचा फरक प्रवाशाकडून अचूक वसूल व्हावा म्हणून एकेक गाडी नजरेखालून घालता येते. याच टॅक्सी दर ठरावीक काळाने आरटीओत पासिंगलाही येतात. तिथे ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर पाहिला जातो. मागचं दार उघडून पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा, झटका देऊन तो अडतो का पाहायचं, तिन्ही बकलं कव्हरच्या वर आहेत का पाहायचं आणि एकेक अडकवून सोडवायचं, याला फार तर दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं पासिंगच्या कागदावर सक्तीने नोंदवली जावीत, पट्टा चालत नसेल तर मीटर बिघडलेल्या टॅक्सीसारखी ती गाडी परत पाठवावी, आणि पट्टा चालू असूनही न लावणाऱ्या प्रौढ प्रवाशाचा दंड चालकाऐवजी त्या प्रवाशाच्या नावे फाडावा.